महागडे अँप आणि स्पीकर: किती वर्षं टिकायला हवेत, आणि बिघडले तर दुरुस्तीला द्यावेत का?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे एक इंटिग्रेटेड अँप (सगळं एकाच पेटीत असलेला अँप्लिफायर) आणि उंच, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर आहेत. घेतले तेव्हा खिशाला चांगलाच चटका बसला होता. त्यानंतर वीसेक वर्षं जवळजवळ रोज गाणी ऐकली, कधी तक्रार नाही. आता काही महिन्यांपासून डावा चॅनल मधूनच गप्प होतो. आवाज वाढवला की खट्‌कन परत येतो आणि मग बराच वेळ ठीक चालतो. त्यातच स्पीकरची जाळी काढून पाहिली, तर वूफरच्या (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन खाली पडला.

कंपनीच्या सेवा केंद्राने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, 'मॉडेल जुनं आहे, पार्ट येत नाहीत, नवीन घ्या.' कंपनीचं नाव देत नाही, कारण मला प्रश्न त्या एका कंपनीबद्दल विचारायचा नाही. ज्या वस्तूत हलणारे भाग जवळजवळ नाहीतच, ती वीस वर्षांत 'संपते' म्हणजे नेमकं काय संपतं? दुरुस्ती करून घेण्यात अर्थ आहे का? आणि पुढे कधी नवीन घ्यायची वेळ आलीच, तर ती वस्तू दुरुस्त होण्याजोगी आहे हे आधी कसं ओळखायचं?

तांब्याची_तार

मंद्रसप्तक, तुमचं अँप संपलेलं नाही. लक्षणं वाचून मला नव्वद टक्के रिले दिसतोय.

अँप चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून 'टिक्' असा आवाज येतो ना, तो रिलेचा, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचचा. अँपच्या आउटपुटवर चुकून डीसी व्होल्टेज आलं तर स्पीकरची कॉइल जळू नये, म्हणून तो मध्ये पहारा देतो. आत दोन धातूचे ठिपके एकमेकांना चिकटतात आणि त्यातून आवाजाचा प्रवाह जातो. वर्षानुवर्षं तुम्ही हळू आवाजात ऐकत असाल, तर त्या ठिपक्यांवर काळपट थर साचतो. लहान सिग्नल त्या थरातून पार होत नाही. आवाज वाढवला की व्होल्टेज वाढतं, थर फुटतो, चॅनल 'परत येतो'. तुम्ही लिहिलंय ते अगदी हेच आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर डावा चॅनल गप्प झाल्यावर लगेच हेडफोन लावा. बऱ्याच अँपमध्ये हेडफोनचं कनेक्शन रिलेच्या आधी घेतलेलं असतं, काहींत नंतर. हेडफोनमध्ये दोन्ही बाजू स्वच्छ वाजल्या, तर दोष रिलेत किंवा स्पीकर ए-बी निवडायच्या बटणात आहे. हेडफोनमध्येही डावी बाजू गेलेली असेल (आणि त्याचं कनेक्शन रिलेच्या आधीचं असेल), तर व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा फिरणारा भाग), इनपुट निवडायचा स्विच, टेप मॉनिटरचं बटण असं मागे मागे जायचं. त्याआधी अँप बंद करून मागच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून बघा. दोष त्याच स्पीकरमध्ये राहिला तर अँपला बोल लावायचं कारणच नाही.

एक विनवणी आहे. रिले उघडून पॉलिशपेपरने घासू नका आणि कोणाला घासू देऊ नका. ठिपक्यांवर मुलामा असतो, तो एकदा निघाला की सहा महिन्यांत पुन्हा तेच, आणि या वेळी जास्त वाईट. तात्पुरतं चालवायचं असेल तर जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये बुडवून दोन ठिपक्यांमधून हलक्या हाताने ओढतात. कायमचा उपाय म्हणजे नवा रिले. तो कंपनीचाच हवा असं काहीही नाही. कॉइलचं व्होल्टेज (१२, २४ किंवा ४८ असतं), ठिपक्यांची अँपिअर क्षमता आणि पायांची मांडणी जुळली की झालं. 'पार्ट येत नाहीत' हे वाक्य या भागाला लागू पडत नाही.

शून्यडेसिबल

'काय संपतं' हा प्रश्न मला फार आवडला. अख्ख्या यंत्राला आयुष्य नसतं, एकेका भागाला असतं. ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, धातूची पेटी, रोधक, मर्यादेत चालवलेले ट्रान्झिस्टर हे आपल्या नंतरही राहतील. आधी जातात ते इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोट्या डबीसारखे भाग). त्यांच्या पोटात द्रव असतो, तो खालच्या रबरी बुचातून अतिशय हळू उडून जातो. धारकता घटते, अंतर्गत रोध वाढतो, मग गुणगुण, पोकळ बास, खरखर सुरू होते.

यावर एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. बऱ्याच कपॅसिटरवर कमाल तापमान '१०५ अंश' असं छापलेलं असतं आणि त्याच्या माहितीपत्रकात त्या तापमानाचे तास दिलेले असतात. २००० तासांचा साधा कपॅसिटर धरा. पेटीच्या आत त्याच्याजवळ ६५ अंश असतील, तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. रोज चार तास ऐकलंत तर जवळपास २२ वर्षं. तोच कपॅसिटर एखाद्या तापणाऱ्या रोधकाला चिकटून ७५ अंशांत बसला, तर ११ वर्षं. आणि ६५ अंशांतच पण चोवीस तास चालू राहिला, तर चार वर्षंही नाहीत.

या शेवटच्या आकड्याकडे लक्ष द्या. हल्लीच्या यंत्रांत रिमोटची वाट बघत बसणारा स्टँडबायचा छोटा पॉवर सप्लाय कायम चालू असतो. म्हणूनच मोठा अँप धडधाकट असतो आणि यंत्र मात्र 'चालूच होत नाही'. लोक अख्खी पेटी भंगारात काढतात आणि दोष असतो नखाएवढ्या एका कपॅसिटरचा.

अँपवर सीडी प्लेअर ठेवू नका, वरच्या जाळीवर कापड टाकू नका, बंद कपाटात कोंडू नका. वर मोकळी जागा ठेवली तर आतलं तापमान दहा अंशांनी सहज उतरू शकतं, आणि दहा अंश म्हणजे काय ते वर आलंच आहे.

खर्ज

स्पीकरबद्दल मी लिहितो, तो माझा प्रांत आहे.

कडेचा फोम पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली आर्द्रता आणि प्रकाश त्याला आतून पोखरतात. दहा ते वीस वर्षांत तो जातोच, वापरा किंवा न वापरता ठेवा. महाग स्पीकरचा फोमही जातो आणि स्वस्ताचाही. रबराची किंवा कापडाची कड असती तर ती कितीतरी जास्त टिकली असती. पण कोन, चुंबक, कॉइल यांना काही झालेलं नसतं, त्यामुळे वूफर फेकून देणं हा शुद्ध अपव्यय आहे. नवी फोमची कड चिकटवता येते.

हे काम प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो. आधी जुना फोम काढायचा. तो सुका भुगा असेल तर बरं, पण बरेचदा तपकिरी, चिकट गाळासारखा झालेला असतो आणि कोनाच्या कडेला घट्ट बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर थोडंथोडं घेऊन तो भिजवायचा आणि बोथट पट्टीने सरकवायचा. कागदाचा कोन असेल तर इथे घाई केली की कोन फाटतो. या एका कामात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. मग नवी कड आधी कोनाला चिकटवायची, वाळू द्यायची, नंतर चौकटीला. चौकटीला चिकटवताना कॉइल चुंबकाच्या फटीत बरोबर मध्यभागी राहिली पाहिजे. काही जण मधली टोपी कापून कॉइलभोवती पातळ पट्ट्या घालतात. काही जण टोपी न कापता वूफरला ३० हर्ट्‌झच्या आसपासचा हळू सूर देतात आणि डिंक ओला असतानाच कड इकडेतिकडे सरकवत घासण्याचा आवाज पूर्ण जाईपर्यंत बसवतात. शेवटी दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून अलगद आत दाबायचं. जराही खरखर बोटांना जाणवली, तर डिंक वाळायच्या आत परत बसवा.

कड निवडताना बाहेरचा-आतला व्यास आणि गोलाईची रुंदी तंतोतंत जुळली पाहिजे. 'रबर टिकतं म्हणून रबर लावू' हा मोह टाळा. रबर जड आणि ताठ असतं, वूफरची अनुनाद वारंवारता बदलते, आणि पेटी ज्या वूफरसाठी आखली होती तो वूफरच राहत नाही. आणि दोन्ही बाजूंच्या कडा एकाच वेळी बदला.

फोम झाला की कान ट्वीटरकडे (उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरकडे) द्या. वीस वर्षांच्या अनेक ट्वीटरमध्ये चुंबकीय द्रव भरलेला असतो, तो घट्ट होतो आणि झांजांची चमक जाते. तो पुसून नवा भरता येतो. क्रॉसओव्हरमधले (आवाज वूफर-ट्वीटरमध्ये वाटणाऱ्या सर्किटमधले) बायपोलर इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरही याच वयात कमजोर होतात. त्यांच्या जागी चांगले फिल्म कपॅसिटर घातले की पुष्कळांना आवाज 'कर्कश झाला' असं वाटतं, आणि ते खरंही असतं. जुन्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध धरूनच ते सर्किट आखलेलं असायचं. फिल्ममध्ये तो रोध जवळजवळ नसतो, म्हणून एकसर एक छोटा रोधक जोडावा लागतो. ही गोष्ट माहीत असलेला माणूस भेटला तर त्याचा पत्ता जपून ठेवा.

रियाज

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे. पण मी दुसरी बाजू मांडतो. इतका खटाटोप कशासाठी? तंत्रज्ञान पुढे गेलंय. आजचं मध्यम किमतीचं छोटं क्लास-डी अँप (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारं) कमी तापतं, कमी वीज खातं, मोजमापात जुन्याच्या बरोबरीने उतरतं. जुन्यात पैसे घालत राहिलं की नाकापेक्षा मोती जड. आज रिले, उद्या पॉट, परवा आणखी काही.

तांब्याची_तार

रियाज, तुमचा मुद्दा सरसकट खोडून काढत नाही. काही वस्तूंबाबत तो पूर्ण खरा आहे. सात-नऊ चॅनलच्या होम थिएटर रिसीव्हरबाबत तर मी स्वतः लोकांना परत पाठवतो. एका पेटीत दाटीवाटीने अँप, व्हिडिओचा बोर्ड, नेटवर्कचा बोर्ड, सगळं एकमेकांना भाजत असतं. एचडीएमआय बोर्डवरच्या चिपच्या पोटाखाली शेकडो सोल्डरचे मणी असतात. तापणं-थंड होणं यात ते तडकतात, आणि बोर्ड मिळत नसेल तर खेळ खलास. शिवाय एचडीएमआयची आवृत्तीच बदलते: १.४ आली २००९ मध्ये, २.० आली २०१३ मध्ये, २.१ आली २०१७ मध्ये. अँप चांगलं असूनही नवा टीव्ही त्याच्याशी नीट बोलत नाही.

पण दोन चॅनलचं साधं अँप ही वेगळी जात आहे. त्यात काय करायचं हे पन्नास वर्षांपूर्वीच माहीत झालेलं आहे. १९८५ चं नीट ठेवलेलं क्लास-एबी (जुन्या, साध्या पद्धतीचं) अँप आज निकृष्ट वाजतं असं मला एकदाही आढळलं नाही. त्याचा प्रत्येक भाग पायांचा आहे, डोळ्यांना दिसतो, मल्टीमीटरने तपासता येतो. क्लास-डीत बहुतेक वेळा पूर्ण मॉड्यूल बदलावं लागतं. मॉड्यूल मिळतंय तोवर पाच मिनिटांचं काम, मिळेनासं झालं की काहीच नाही.

म्हणून मी नेहमी म्हणतो, अँप वेगळं ठेवा, स्पीकर वेगळे ठेवा, आणि झपाट्याने जुनं होणारं जे आहे, म्हणजे स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणी वाजवणारी पेटी), डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाजाचा सिग्नल करणारा भाग), एचडीएमआय, ते वेगळ्या लहान पेटीत ठेवा. लहान पेटी बदलता येते.

रियाज

स्ट्रीमरबाबत सहमत. सोनोसने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं होतं की मे पासून काही जुन्या उपकरणांना नवी सॉफ्टवेअर आवृत्ती मिळणार नाही. ग्राहक इतके खवळले की शेवटी जुन्यांसाठी फोनवरचं वेगळं अॅप ठेवावं लागलं. हार्डवेअर उत्तम स्थितीत होतं, एकही कपॅसिटर फुगला नव्हता.

उलट उदाहरण स्क्वीझबॉक्स या स्ट्रीमरचं. लॉजिटेकने ते २०१२ मध्ये बंद केलं, त्याची ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये बंद झाली, तरी त्या पेट्या आजही वाजतात. कारण त्यांचं सर्व्हर सॉफ्टवेअर मुक्त स्रोत होतं, आणि हौशी लोक ते लिरियन या नावाने पुढे चालवताहेत. माझ्याकडचे दोन्ही त्यावरच चालतात. तेव्हा स्ट्रीमर घेताना मी आता एवढंच बघतो: कंपनीचा सर्व्हर उद्या बंद पडला तर ही पेटी घरच्या नेटवर्कवरची फाइल वाजवेल का?

बिलोरी

माझ्याकडे व्हॉल्व्हचं (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचं) अँप आहे, म्हणून थोडं त्याबद्दल. लोक व्हॉल्व्हला 'नाजूक' म्हणतात, पण झिजणारा भाग हाताने काढून बदलता यावा म्हणून सॉकेटमध्ये बसवण्याची पद्धत आजच्या किती वस्तूंत उरली आहे? गाडीचे टायर झिजले म्हणून गाडी म्हातारी झाली असं कोणी म्हणत नाही.

ईएल-३४ किंवा केटी-८८ सारखे पॉवर व्हॉल्व्ह नीट बायस केले (त्यांतला स्थिर प्रवाह जुळवला) तर साधारण २००० ते ५००० तास चालतात. ईसीसी-८३ सारखे लहान व्हॉल्व्ह १०,००० तासही जातात. नवे व्हॉल्व्ह आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. साठच्या दशकातल्या अँपला आज नवे व्हॉल्व्ह मिळतात आणि दहा वर्षांपूर्वीच्या रिसीव्हरला बोर्ड मिळत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पण कुणी उत्साहाने झाकण उघडणार असेल तर कळकळीने सांगते: आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यानंतरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतं. जिवावर बेतू शकतं. व्हॉल्व्ह बदलणं आणि बाहेरून बायस जुळवण्याची सोय असेल तर ती वापरणं एवढंच घरी करावं. त्यापुढचं काम जाणकाराचं.

माझा एक प्रश्न: बरेच जण सांगतात की अँप कायम चालू ठेवावं, चालू-बंद करण्यानेच ते खराब होतं. खरं काय?

शून्यडेसिबल

बिलोरीताई, व्हॉल्व्हच्या अँपला तर अजिबात चालू ठेवू नका. २००० तास म्हणजे चोवीस तास चालवले तर तीन महिने. चालू करताना धक्का बसतो हे खरं, पण तो दिवसातून एकदाच बसतो. तासाभराने परत ऐकणार असाल तर राहू द्या, रात्री बंद करा. क्लास-ए ट्रान्झिस्टर अँपलाही हेच लागू. काहीही वाजत नसताना ते पूर्ण तापलेलं असतं.

तबकडीप्रेमी

टर्नटेबल आणि सीडी प्लेअर कोणीच काढलं नाही, म्हणून मी लिहितो.

टर्नटेबल हे या सगळ्यांत दीर्घायुषी. बेअरिंगला वेळच्या वेळी तेल, बेल्ट असेल तर अधूनमधून नवा बेल्ट, आणि सुई ५०० ते १००० तासांनी. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे १९७२ चं, त्याची एमके-२ आवृत्ती १९७९ ची. कंपनीने ते २०१० मध्ये बंद केलं आणि २०१६ मध्ये परत आणलं. मधल्या काळात जुनी यंत्रं थांबली नाहीत, कारण बेल्टच नाही आणि मोटर इतकी धट्टीकट्टी. इथे खरा धोका सुईचा. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) बनवणं थांबवलं आणि जगभर लोकांच्या हातात उत्तम कार्ट्रिज राहिली, सुया संपल्या. जपानच्या जिको कंपनीने सुया बनवत राहून हजारोंची सोय केली.

सीडी प्लेअरचं दुखणं वेगळं आहे. १९८२ मध्ये पहिला सोनी सीडीपी-१०१ आला तेव्हापासून लेझर पिकअप (सीडी वाचणारा भाग) हाच त्याचा नाजूक भाग. सोनीचा केएसएस-२१३ इतक्या कंपन्यांच्या प्लेअरमध्ये होता की त्याच्या नकला अजून मिळतात, पण त्यांचा दर्जा कमी-जास्त असतो. फिलिप्सचे सीडीएम-१ आणि सीडीएम-४ हे जुने हेलकावणाऱ्या हाताचे मेकॅनिझम फार दणकट, पण आता फक्त दुसऱ्या यंत्रातून काढलेलेच मिळतात. अत्यंत महागड्या प्लेअरमध्येही बरेचदा असाच कुणाचा तरी विकत घेतलेला मेकॅनिझम असतो. त्यामुळे सेकंडहँड सीडी प्लेअर घेताना ब्रँडच्या आधी आत कोणता पिकअप आहे ते विचारा.

आणि 'लेझर गेला' या निदानावर लगेच विश्वास ठेवू नका. भिंगावर धूळ असते, सरकत्या दांड्यावरचं ग्रीस गोंदासारखं झालेलं असतं, ट्रे उघडणारा छोटा बेल्ट सैल पडलेला असतो. आधी हे.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. हेडफोनची चाचणी केली. स्पीकरचा डावा चॅनल गप्प असताना हेडफोनमध्ये दोन्ही बाजू खणखणीत. ओळखीतून एक दुरुस्तीवाले मिळाले, त्यांनी झाकण उघडून रिले दाखवला आणि तोच बदलतो म्हणाले. खर्ज, तुम्ही लिहिल्याप्रमाणे व्यास मोजून फोमच्या कडाही मागवल्या आहेत.

आता प्रश्न पुढचा. ते म्हणतात, 'पेटी उघडलीच आहे तर सगळे कपॅसिटर बदलून टाकू, मग तीस वर्षं बघायला नको.' करू द्यावं का?

शून्यडेसिबल

नको. मोजून बघितल्याशिवाय एकही नको. अंतर्गत रोध मोजण्याचं मीटर आता सहज मिळतं. जो मापात बाद ठरेल तो बदला. शंभरेक कपॅसिटर काढले-घातले म्हणजे दोनशे सोल्डरचे डाग उकरले. जुन्या बोर्डची तांब्याची पट्टी उष्णतेने उचलली जाते, एखादा ध्रुव उलटा बसतो, आणि चालत्या अँपमध्ये नवा दोष घातला जातो. पॉवर सप्लायमधल्या दोन मोठ्या फिल्टर कपॅसिटरना तर लोक उगाच घाबरतात. ते थंड राहतात आणि बरेचदा दशकानुदशकं टिकतात.

तांब्याची_तार

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. सगळे बदलू नयेत हे मान्य, पण मीटरवर आज 'पास' झालेला कपॅसिटर गरम रोधकाला टेकलेला असेल, तर मी तो बदलतो. पेटी पुन्हा उघडायला गिऱ्हाईक येतो तोवर त्याने आणखी काहीतरी जाळलेलं असतं. आणि एक गोष्ट मीटरला दिसत नाही: मोठे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला पिवळा डिंक. वर्षांनी तो तपकिरी होतो, वीज वाहू लागतो, खालच्या तारा आणि पाय खातो. सबवूफरच्या आतल्या अँपमध्ये तर हा डिंक म्हणजे पहिला संशयित. तो खरवडून काढायलाच हवा.

मंद्रसप्तक, त्यांना कपॅसिटरबद्दल विचारण्याऐवजी दुसरं विचारा. दुरुस्ती झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना एकसर बल्ब लावता का? जुना तंतूचा बल्ब मेनच्या वायरीत एकसर जोडायचा आणि मग अँप चालू करायचं. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि ट्रान्झिस्टर वाचतात. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. जो माणूस थेट भिंतीत प्लग घालतो, त्याच्याकडे मी माझं यंत्र ठेवणार नाही.

दुसरं, बायस आणि ऑफसेट (आउटपुटवरचं नकोसं डीसी) मोजून लिहून द्यायला सांगा. स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत हवं, बहुतेक चांगल्या अँपमध्ये ते खूपच कमी असतं. बायस किती हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. समजा आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरचा रोधक ०.२२ ओहमचा आहे आणि त्यावर १० मिलिव्होल्ट आले, तर ४५ मिलिअँपिअर. 'थोडा वाढवून दिलाय, आवाज गोड येईल' असं कोणी म्हटलं तर परत कमी करून घ्या. वाढवलेला बायस म्हणजे वाढलेलं तापमान.

तिसरं, काढलेले भाग परत मागा. प्रामाणिक माणूस ते न मागताच पुडीत बांधून देतो.

खर्ज

+१. आउटपुट ट्रान्झिस्टर बदलावे लागले तर आणखी सावध. तोशिबाचे टूएससी-५२०० आणि टूएसए-१९४३ इतके वापरात आहेत की नकली माल सर्वत्र आहे. बाहेरून छापील अक्षरं हुबेहूब, आत सिलिकॉनचा तुकडा नखाच्या कोपऱ्याएवढा. हळू आवाजात महिनाभर ठीक चालतात, जरा आवाज वाढवला की स्पीकर घेऊनच जातात. अधिकृत वितरकाकडून आणणाराच माणूस हवा.

जे भाग खरंच बनायचे बंद झाले, त्यांचाही मार्ग निघतो. तोशिबाचा टूएसके-१७० हा कमी गोंगाटाचा जेएफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) फोनो भागात (टर्नटेबलच्या इनपुटच्या सर्किटमध्ये) घरोघर असायचा. आता लिनिअर सिस्टिम्स ही कंपनी एलएसके-१७० बनवते. पण यमाहा-सोनीच्या सत्तरच्या दशकातल्या व्ही-फेट ट्रान्झिस्टरसारखे काही भाग आहेत, त्यांना खरंच पर्याय नाही. असं अँप विकत घेताना तेवढं डोळ्यांसमोर ठेवावं.

बिलोरी

मूळ प्रश्नातला तिसरा भाग राहिलाच की! नवीन घेताना ओळखायचं कसं?

तांब्याची_तार

दुकानात आवाज ऐकायच्या आधी मी तीन गोष्टी बघतो. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळतं का? हायफायइंजिनसारख्या संकेतस्थळावर जुन्या हजारो यंत्रांची मॅन्युअलं आहेत, त्यामुळे एका दृष्टीने जुनं यंत्र नव्यापेक्षा जास्त दुरुस्त होण्याजोगं असतं. मग कंपनीचं आधीचं वागणं. वीस वर्षांपूर्वीचं मॉडेल ती आज हातात घेते का? मॅकिंटॉश आणि अॅक्युफेज यांची याबाबतीत चांगली ख्याती आहे, आणि त्यांची जुनी यंत्रं सेकंडहँड बाजारात पडेल भावात मिळत नाहीत त्याचं हेच कारण. आणि झाकण उघडल्यावरचे फोटो. इंटरनेटवर बहुतेक यंत्रांचे सापडतात. हवा खेळायला जागा आहे का, बोर्ड स्क्रूने सुटतात की एकमेकांना झाळलेत, गरम हीटसिंकला कपॅसिटर चिकटलेत का. किंमत यातलं काहीच सांगत नाही. अतिशय महाग यंत्रांत चिपवरचे आकडे खरवडून काढलेले मी पाहिले आहेत, नक्कल होऊ नये म्हणून. तिथे दुरुस्तीवाला काय करणार?

आणि आतच अँप असलेले अॅक्टिव्ह स्पीकर घेताना दहादा विचार करा. बंद लाकडी पेटीत, वूफरच्या हादऱ्यात, मागच्या पत्र्यावर अँप. एक बाजूचं अँप गेलं आणि मॉड्यूल मिळेना, तर दोन्ही स्पीकर मुके.

शून्यडेसिबल

कायदाही हळूहळू येतोय. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून, १०० डॉलर किंवा त्याहून जास्त घाऊक किमतीच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी, शेवटचं उत्पादन झाल्यापासून सात वर्षं सुटे भाग, अवजारं आणि मॅन्युअल ग्राहकाला आणि स्वतंत्र दुरुस्तीवाल्यालाही उपलब्ध ठेवणं बंधनकारक झालं. तेही जुलै २०२१ नंतर विकायला आलेल्या वस्तूंनाच. पाऊल चांगलं आहे, पण सात वर्षं म्हणजे तुमच्या अँपच्या वयाचा तिसरा भाग. मॅन्युअल तरी कायमचं खुलं असावं, यासाठी ग्राहकांनी विकत घेताना विचारत राहिलं पाहिजे. विक्रेत्याला हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

मंद्रसप्तक

कपॅसिटर मोजूनच बदलायचं ठरलं. बल्बचं विचारलं तर ते लगेच आत गेले आणि स्वतः बनवलेला लाकडी पाटीवरचा बल्ब घेऊन आले, त्यामुळे जीव भांड्यात पडला.

जाता जाता आणखी एक. एका मित्राला जपानमधल्या बाजारासाठी बनलेलं जुनं अँप आणि अमेरिकेतून आलेलं बेल्टचं टर्नटेबल मिळतंय. आमच्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. घ्यावं का?

तांब्याची_तार

अँपच्या मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट लिहिलेलं असेल. ते थेट २३० मध्ये घातलं तर पॉवर सप्लाय त्याच क्षणी जातो. काही मॉडेलमध्ये आतल्या ट्रान्सफॉर्मरला वेगवेगळ्या व्होल्टेजच्या तारा काढलेल्या असतात, सर्व्हिस मॅन्युअल बघून त्या बदलता येतात. नसतील तर २३० चे १०० करणारा बाहेरचा ट्रान्सफॉर्मर हवा. ११० वाला चालवू नका, दहा टक्के जास्त व्होल्टेज म्हणजे आत कायमची जास्त उष्णता. क्षमता अँपच्या पट्टीवरच्या वॅटच्या दीडपट-दुप्पट घ्या. हर्ट्‌झची काळजी नको, जपानमध्ये अर्ध्या भागात ५० आणि अर्ध्यात ६० आहे, त्यामुळे तिथली यंत्रं दोन्हींसाठी बनतात.

तबकडीप्रेमी

टर्नटेबलचं मात्र बघावं लागेल. मोटर सिंक्रोनस एसी असेल तर तिचा वेग हर्ट्‌झवर ठरतो. ६० साठीची मोटर ५० वर चालवली की ३३ १/३ ची तबकडी मिनिटाला २८ च्या खाली फेरे मारेल, आणि व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर यात काहीही करू शकत नाही. ५० हर्ट्‌झची मोठी पुली त्या मॉडेलला मिळते का ते आधी विचारा. मोटर डीसी असेल तर हा प्रश्नच येत नाही, फक्त अडॅप्टर बदला. मित्राला मॉडेल नंबर आणि मोटरवरच्या पट्टीचा फोटो इथे टाकायला सांगा, पुली मिळते का ते मी शोधून देतो.